एरिक्सनने घडवलेल्या भाषेला एरिक्सननेच दार लावलं, त्याची गोष्ट

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

रोज सकाळी ग्रुपवर आपण जे 'शुभ सकाळ' टाकतो, ते ज्या सर्व्हरमधून जातं तिथलं मुख्य काम अर्लांग नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे. ही भाषा व्हॉट्सॲपवाल्यांनी बनवलेली नाही. ती बनली स्वीडनमध्ये, एरिक्सन या टेलिफोन कंपनीत, १९८० च्या दशकात. आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याच एरिक्सनच्या रेडिओ विभागाने ठरवलं, की नव्या उत्पादनांत ही भाषा वापरायची नाही.

मी प्रोग्रामर नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय आणि वीसेक वर्षं नगरपालिका, बाजार समिती, पंचायत समितीच्या बातम्या करतोय. तरी हा विषय घेतला, कारण या गोष्टीतले प्रश्न मी सर्वसाधारण सभेत कायम ऐकतो. 'चांगलं आहे हो, पण चालवणार कोण?' 'ठेकेदार गेला तर पुढं काय?' 'बाकीचे सगळे जे वापरतात तेच आपण का नको?' हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण त्यांचं उत्तर काय निघतं, ते विचारणाऱ्याच्या तयारीवर ठरतं. अर्लांगच्या इतिहासात हे फार स्वच्छ दिसतं.

आधी नाव

आग्नेर क्रारूप अर्लांग हे डेन्मार्कचे गणिती. जन्म १८७८, मृत्यू १९२९. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करायचे. प्रश्न साधा होता: गावात इतके टेलिफोन, तर एक्स्चेंजमध्ये लाइनी किती ठेवायच्या? जास्त ठेवल्या तर पैसा वाया, कमी ठेवल्या तर लोकांना फोन लागत नाही. १९०९ साली त्यांनी यावर पहिला महत्त्वाचा निबंध लिहिला. पुढे १९४६ मध्ये टेलिफोनवरच्या गर्दीच्या एककाला आंतरराष्ट्रीय पातळीवर त्यांचंच नाव मिळालं. एक लाइन पूर्ण तासभर व्यस्त, म्हणजे एक अर्लांग.

चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत' ही टेप आठवत असेल. एसटीडी बूथवर रात्री स्वस्त दराची वाट बघत उभं राहायचं आणि नंबर लागायच्या ऐवजी ही बाई बोलायची. ती बाई म्हणजे अर्लांगसाहेबांचं गणित. आपल्याकडच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या कोणालाही विचारा, हा शब्द त्यांना माहीत असतो.

टेलिफोन एक्स्चेंजचं दुखणं

१९८० च्या दशकात एक्स्चेंज संगणकावर चालू लागली होती. स्टॉकहोममधल्या एरिक्सनच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हिर्डिंग आणि माइक विल्यम्स हे तिघे एका प्रश्नावर बसले: असं सॉफ्टवेअर लिहायला चांगली भाषा कोणती?

एक्स्चेंजच्या अटी इतर सॉफ्टवेअरपेक्षा वेगळ्या असतात. एकाच वेळी हजारो कॉल चालू. एका कॉलमध्ये गडबड झाली तर बाकीच्यांना तिचा पत्ताही लागू नये. आणि मशीन बंद करायचं नाही. दुरुस्ती असो, नवी सोय असो, लोक बोलत असतानाच करायची. आपल्या घरचा कॉम्प्युटर अडकला की आपण बटण दाबून परत चालू करतो. एक्स्चेंजला ही सोय नसते. त्याच क्षणी कुणीतरी अँब्युलन्स बोलावत असतं.

आर्मस्ट्राँग यांनी सुरुवातीला प्रोलॉग या भाषेवर प्रयोग केले आणि त्यातूनच नवी भाषा आकाराला आली. पहिली आवृत्ती फारच संथ होती. मग ती वेगाने चालवणारं यंत्र नव्याने लिहावं लागलं. पण कंपनीतल्या टेलिफोनच्या माणसांनी सुरुवातीपासून ती हाताळली, 'हे जमत नाही, ते हवंय' असं सांगत गेले आणि भाषा त्याप्रमाणे बदलत गेली. अर्लांगची जडणघडण समजून घ्यायची तर हे महत्त्वाचं आहे. वापरणारा शेजारच्या टेबलावर होता.

'फंक्शनल' म्हणजे नेमकं काय

अर्लांग ही फंक्शनल घराण्यातली भाषा. घराणं जुनं आहे. जॉन मॅकार्थी यांची लिस्प १९५८ ची. फोरट्रान ही बहुतेक नेहमीच्या भाषांची आजी. ती ज्यांनी बनवली त्या जॉन बॅकस यांनीच १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलं, की आपली नेहमीची पद्धत थकली आहे, फंक्शनल पद्धतीकडे वळलं पाहिजे.

फरक समजायला तलाठ्याचं दप्तर आठवा. शेत विकलं गेलं तर सातबाऱ्यावरचं जुनं नाव खोडरबराने पुसत नाहीत. फेरफार नोंदवहीत नवी नोंद होते, तिला क्रमांक मिळतो, जुन्या नावाला कंस होतो. कोणती गोष्ट कधी आणि कशावरून बदलली याचा माग राहतो.

नेहमीच्या भाषा पाटीसारख्या आहेत. पाटीवर ५ लिहिलेत, पुसून ६ लिहा. अर्लांगमध्ये एकदा 'क्ष म्हणजे ५' म्हटलं की त्या जागी क्ष शेवटपर्यंत ५ च. सहा हवेत तर नवं नाव घ्या. फेरफाराची शिस्त ती हीच.

याचा फायदा असा, की दोन कामं एकाच वेळी चालू असताना एकाने दुसऱ्याचा आकडा गुपचूप बदलला, हा प्रकार होत नाही. अर्लांगमध्ये प्रत्येक कॉलसाठी एक स्वतंत्र, अगदी हलकी 'प्रोसेस' असते. तिची स्मरणाची जागा वेगळी. दुसरीशी बोलायचं तर चिठ्ठी पाठवायची, तिच्या खिशात हात घालायचा नाही. शिवाय वर लक्ष ठेवायला 'सुपरवायझर' असतात, म्हणजे मुकादमच. एखादी प्रोसेस गडबडली तर तिला रेटत बसायचं नाही. पडू द्यायची. मुकादम तिच्या जागी कोरी करकरीत नवी उभी करतो. चूक झाकून काम पुढं ढकलण्यापेक्षा चूक लगेच उघडी पडलेली बरी, हे या भाषेचं तत्त्वज्ञान. आर्मस्ट्राँग यांनी २००३ मध्ये यावरच पीएचडी केली. प्रबंधाचा विषय: सॉफ्टवेअरमध्ये चुका राहणारच, हे धरून विश्वासार्ह यंत्रणा कशी उभारायची.

हातात घेतल्यावर मात्र

इथपर्यंत ऐकायला छान आहे. पण कॉलेजात सी किंवा जावा शिकून आलेला मुलगा अर्लांग उघडतो तेव्हा पहिला प्रश्न येतो: 'लूप कुठाय?' लूप नाही. एकच काम शंभर वेळा करायचं तर फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलवायचं, दर वेळी नवा आकडा हातात देऊन. सवय होईपर्यंत डोकं पिकतं.

दुसरा प्रश्न: 'काही बदलताच येत नाही, तर आत्ता किती लोक ऑनलाइन आहेत ते ठेवायचं कुठं?' उत्तर असं, की त्या आकड्यासाठी एक प्रोसेस नेमायची. ती चिठ्ठी वाचते, नवा आकडा काढते आणि तो घेऊन पुन्हा पुढच्या चिठ्ठीची वाट बघते. चालतं व्यवस्थित. पण सगळे त्या एकाच प्रोसेसला चिठ्ठ्या टाकायला लागले, तर तिच्या दारात रांग लागते. एकच खिडकी उघडी असलेल्या बँकेसारखी.

तिसरा: चिठ्ठीतला मजकूर सहसा नक्कल करून दिला जातो. मजकूर मोठा, तर नकलेचा खर्चही मोठा. जड आकडेमोडीत ही भाषा मागे पडते.

चौथा आपल्या जवळचा. अर्लांगमध्ये साधा मजकूर म्हणजे आकड्यांची यादी. तिथे 'मराठी' हा शब्द लिहिला तर मशीन नेहमीच्या मांडणीत तो २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ असा दाखवतं. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी यांचे हे युनिकोड क्रमांक. आजच्या ६४ बिटच्या मशीनवर यादीतला एकेक आकडा १६ बाइट जागा खातो, म्हणजे या एका शब्दाला ८० बाइट. तोच शब्द यूटीएफ-८ मध्ये, 'बायनरी' म्हणून ठेवला तर १५ बाइटमध्ये बसतो. म्हणून मेसेजसारखा मजकूर सांभाळायचा तर बायनरीच वापरतात. हे ज्याला माहीत नाही त्याचा सर्व्हर विनाकारण फुगतो.

पाचवा: आकड्याच्या जागी शब्द गेला, अशा चुका अर्लांग आधी पकडेलच असं नाही. बऱ्याचदा प्रोग्राम चालू झाल्यावर त्या समोर येतात. फंक्शनल घराण्यातल्या हॅस्केलसारख्या भाषा याबाबत फार कडक आहेत, अर्लांग नाही.

आणि सहावा, सगळ्यात मोठा: माणसं. येणारी माणसं कमी, शिकवणारे त्याहून कमी.

१९९८: एकाच वर्षात तीन गोष्टी

१९९५ च्या शेवटी एरिक्सनच्या गोटातला एक फार मोठा एक्स्चेंज प्रकल्प कोसळला. त्याच्या जागी जे काम नव्याने सुरू झालं, त्यात अर्लांग घेतली. त्यातून एएक्सडी ३०१ नावाचं स्विचिंग यंत्र तयार झालं आणि १९९८ मध्ये बाजारात आलं. त्यात अर्लांगच्या दहा लाखांहून जास्त ओळी होत्या. हे कागदावरचं संशोधन राहिलं नव्हतं.

आणि नेमकं फेब्रुवारी १९९८ मध्ये एरिक्सन रेडिओने नव्या उत्पादनांसाठी अर्लांग बंद केली. कारण 'भाषा वाईट आहे' हे नव्हतं. भूमिका अशी: भाषा निवडणं म्हणजे फार लांबची बांधिलकी. भाषा आपल्याच घरची असेल तर तिची देखभाल, तिची अवजारं, सगळा खर्च कायम आपल्याच डोक्यावर. जग ज्या भाषा वापरतं त्या घेतल्या तर जगाच्या प्रगतीचा फायदा फुकट मिळतो.

खरं सांगू? मी त्या बैठकीत असतो तर मलाही हे पटलं असतं. आपल्या नगरपालिकेने उद्या स्वतःची भाषा बनवली तर पहिला विरोध मीच करेन.

त्याच फेब्रुवारी महिन्यात फिलिप वॉडलर यांचा एक लेख छापून आला. हे फंक्शनल प्रोग्रामिंगमधलं मोठं नाव, तेव्हा अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत होते. ती जागाही मूळची टेलिफोनवाल्यांचीच. फंक्शनल भाषा खऱ्या कामात वापरल्याची सहा उदाहरणं त्यांनी दिली. त्यात एक अर्लांग! एकीकडे 'बघा, चालतंय' म्हणून तिचं नाव घेतलं जातंय, दुसरीकडे तिच्याच घरात तिला दार लावलं जातंय.

ऑगस्टमध्ये त्याच वॉडलर यांनी दुसरा लेख लिहिला: फंक्शनल भाषा कुणी का वापरत नाही? स्वतः त्या पंथाचा माणूस, पण 'लोकांना कळत नाही' असं म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत. वेग हेही खरं कारण मानलं नाही. त्यांनी व्यवहारातल्या अडचणी मांडल्या. दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या सॉफ्टवेअरशी जोडता येतं का? तयार लायब्ररी आहेत का? वेगवेगळ्या मशीनवर चालतं का? चुका शोधायची अवजारं आहेत का? शिकायला किती वेळ लागतो? आणि शेवटी, बाकीचे वापरत नाहीत म्हणून आपणही वापरत नाही, हे चक्र. साहेबाला नोकरी सांभाळायची असते. सगळे वापरतात ते घेऊन प्रकल्प बुडाला तर दोष नशिबाचा. वेगळं काही घेऊन बुडाला तर दोष साहेबाचा. ही शेवटची दोन वाक्यं माझी आहेत, पण आपल्याकडच्या कुठल्याही खरेदी समितीत बसा, पटेल.

तिसरी गोष्ट डिसेंबरमध्ये. अर्लांगवाल्या मंडळींनी वरिष्ठांना पटवलं, की तुम्हाला नको असेल तर निदान जगासाठी मोकळी करा. डिसेंबर १९९८ मध्ये ती मुक्त स्रोत झाली. कुणीही घ्यावी, फुकट वापरावी, आत काय आहे ते बघावं, बदलावं. पाठोपाठ आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांनी राजीनामे देऊन ब्लूटेल नावाची कंपनी काढली. २००० साली ती कंपनी १५.२ कोटी डॉलरला विकली गेली. आर्मस्ट्राँग २००४ मध्ये एरिक्सनमध्ये परतले. बंदी कधी गाजावाजा करून उठली नाही, हळूहळू विरून गेली. २०१९ मध्ये आर्मस्ट्राँग वारले.

तोच प्रश्न, दुसरं उत्तर

आता व्हॉट्सॲप. २००९ मध्ये जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी सुरू केलं. मेसेज पोचवायला त्यांनी इजॅबरडी नावाचं तयार सॉफ्टवेअर घेतलं. ते अर्लांगमध्ये होतं आणि मुक्त स्रोत होतं. १९९८ च्या डिसेंबरात दार उघडलं नसतं, तर हे घडलं नसतं.

माणसांचा प्रश्न त्यांच्यापुढेही होताच. त्यांनी चांगले इंजिनिअर घेतले आणि भाषा कामावर शिकू दिली. जे यंत्र त्यांनी प्रचंड वाढवलं ते रिक रीड आधी याहूमध्ये होते, अर्लांग त्यांना नवीन होती. भाषेचं इंजिन कुठे कमी पडलं तर ते उघडून दुरुस्त केलं. २०१२ च्या जानेवारीत त्यांनी जाहीर केलं, की एका सर्व्हरवर एकाच वेळी २० लाख फोन जोडलेले राहू शकतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप घ्यायचं ठरवलं, तेव्हा महिन्याला ४५ कोटी लोक ते वापरत होते. कंपनीत माणसं ५५. त्यातले इंजिनिअर ३२. आपल्या नगरपालिकेच्या एका विभागातसुद्धा याहून जास्त माणसं असतील.

सगळं गोड होतं असंही नाही. खरेदीची घोषणा झाली आणि तीनच दिवसांनी व्हॉट्सॲप काही तास बंद पडलं. चुका आधी न पकडण्याची ती पाचवी अडचणही खरी निघाली. पुढे व्हॉट्सॲपच्या लोकांनी त्यासाठी स्वतःचं तपासणी अवजार बनवलं आणि २०२२ मध्ये तेही जगाला खुलं केलं. आणि खुद्द फेसबुकने २००८ मध्ये आपली चॅट अर्लांगमध्ये सुरू केली होती, नंतर तिथे सी प्लस प्लस आणलं. म्हणजे जी भाषा एकदा बाजूला केली, तीच काही वर्षांनी १९ अब्ज मोजून पुन्हा घरात आली.

भाषा तीच. अडचणीही त्याच. एरिक्सन रेडिओ म्हणाली, 'सांभाळायचं ओझं आम्हाला नको.' व्हॉट्सॲप म्हणालं, 'ओझं आम्ही उचलतो, कारण आमच्या कामाला हीच लागू पडते.' दोन्ही उत्तरं विचार करून दिलेली होती. दिलं नाही असं एकच उत्तर होतं: 'सगळे घेतात म्हणून घेतलं, पुढचं पुढं बघू.'

आपल्याशी काय संबंध

आपल्याकडे हे तिसरं उत्तरच चालतं. दाखल्यासाठी, उताऱ्यासाठी खिडकीवर जा, महिन्यातून दोनदा तरी 'सर्व्हर डाउन' ही चिठ्ठी दिसते. तालुक्यातून भाड्याने आलेली म्हातारी माणसं परत जातात, रोजगार बुडतो. मी असं म्हणत नाही की अर्लांगमध्ये लिहिलं असतं तर हे झालं नसतं. भाषा म्हणजे जादूची कांडी नव्हे, वर सहा अडचणी मोजूनच दाखवल्या. म्हणणं एवढंच आहे, की स्टॉकहोममधल्या त्या लोकांनी ओळ लिहिण्याआधी जे प्रश्न विचारले, ते आपल्या पैशातून यंत्रणा घेताना कुणी विचारत नाही.

एक: एक भाग पडला तर बाकीचं चालू राहील का, की एका दाखल्यापायी सगळी खिडकी बंद?

दोन: दुरुस्ती करायची तर सगळं बंद ठेवावं लागेल का?

तीन: चूक झाली तर ती नोंदीत दिसेल, की कुणीतरी पुसून टाकेल?

चार: याचा सोर्स कोड कोणाच्या ताब्यात? ठेकेदार गेला तर दुसरा कुणी उघडून दुरुस्त करू शकेल का? एरिक्सनला पडलेला देखभालीचा प्रश्न तो हाच. अर्लांग वाचली ती मुक्त झाल्यामुळे. बंद कपाटात राहिली असती तर ती त्या बंदीबरोबरच संपली असती.

पुढच्या सभेत सॉफ्टवेअर खरेदीचा विषय येईल तेव्हा तुमच्या नगरसेवकाला यातले दोन तरी प्रश्न विचारायला सांगा. कोणत्याही पक्षाचा असू दे. उत्तर मिळालं नाही तर तीही बातमी आहे, मला कळवा. मी छापतो.

आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले कुणी काका-मावशी हे वाचत असतील, तर आपल्या गावच्या जुन्या एक्स्चेंजबद्दल खाली नक्की लिहा. एवढं सांगा, रात्री-अपरात्री मशीन बिघडलं तर लोकांचे फोन चालू ठेवून तुम्ही ते दुरुस्त कसं करायचात?